दारात कडुलिंब, चुलीवर फोडणी

आमच्या घरी सकाळ उजाडायची ती मोहरीच्या आवाजाने. कॉटनपेटेत दूधवाल्याची सायकल होती, देवळाची घंटा होती, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा होता, पण ते सगळं घराबाहेरचं. घरातला आवाज म्हणजे मोहरी. सोनाआत्या लोखंडी पळी चुलीवर धरायची, तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, कढीपत्ता आणि एक ब्याडगी मिरची मोडून, आणि मग ती पळी आमटीत बुडवली की असा काही आवाज व्हायचा की पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेले अण्णा पाय थांबवायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही इथले जुने मराठी. वडिलांना अण्णा म्हणायचं आणि मोठ्या बहिणीला अक्का. किती पिढ्यांपासून बंगळुरात आहोत ते अण्णांच्या आजोबांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि गिऱ्हाइकाशी त्याला जी कळेल ती. माझी पुण्याची सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला म्हटलं, स्वल्प बस, चहा टाकते, तर ती माझ्याकडे असं बघायला लागली जशी मी पोथीच उघडली आहे. आता तीसुद्धा रिक्षावाल्याशी बोलताना दर वाक्याला सरी सरी, म्हणजे बरं बरं, करते.

तर अण्णा शिंपी. बायकांचे ब्लाउज शिवायचे. पेठेतल्या निम्म्या बायकांच्या दंडांची मापं त्यांना तोंडपाठ, आणि मापांपेक्षा पाठ होते ते दंडावरचे वण. त्या काळी देवी टोचल्याचा वण बहुतेक बायकांच्या दंडावर असायचा. कुणाचा चिंचोक्याएवढा, कुणाचा नाजूक, कुणाचे दोन शेजारी शेजारी. फॅशन मात्र बाही वर वर चढवत चालली होती. मग गिऱ्हाईक बाई फक्त म्हणायची, "अण्णा, बाही जरा बघून." अण्णा मान हलवायचे आणि बाही वणाच्या खाली दोन बोटं उतरवायचे. यापुढे एक शब्द नाही. अण्णांच्या दुकानात गर्दी का असते, तर त्यांच्या शिलाईमुळे असं लोक म्हणायचे. माझं मत, त्यांच्या न बोलण्यामुळे.

बोलायचं काम सोनाआत्याकडे. ती अण्णांची थोरली बहीण, फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घर तिच्या मुठीत. माझी आई स्वभावाने गरीब. खिडकीशी बसून हुक लावायची, काज करायची आणि आत्या जे म्हणेल त्याला हूं म्हणायची. आत्याच्या स्वतःच्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत, उन्हाळा असो की लग्न असो. तिच्या लहानपणी टोचायला सुई नव्हती, दात्यांचा एक गोल स्क्रू होता, तो दंडावर दाबून गरकन फिरवायचे. आत्याचा दंड पिकला, कितीतरी दिवस वाहत राहिला, आणि शेवटी तिथे रुपयाएवढा खड्डा राहिला. तिच्या लग्नात बांगड्या भरताना कासारणीने बाही वर सारली आणि सासरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही वाटण वाटता वाटता, पाट्याकडे बघत. बाकी जगाला ती एवढंच सांगायची की देवी आमची आहे, सरकारची नाही. ती यायची तेव्हा येईल, आमचं आम्ही बघू. म्हणून टोचणारे गल्लीत आले की शांताक्काला आणि मला मागच्या दाराने मावशीकडे पाठवलं जायचं. आमच्या दोघींचे दंड अगदी कोरे.

शांताक्का माझी मोठी बहीण. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं, आणि मी इतकी मोठी होते की मला सगळं कळायचं आणि इतकी लहान की कुणी मला काही विचारायचं नाही. अक्कालाही कुणी विचारत नव्हतं म्हणा. पण या वेळचा मुलगा तिला आवडला होता, हे फक्त मला माहीत होतं. वसंत त्याचं नाव; कारखान्यात होता, आईबरोबर राजाजीनगरला राहायचा. बोलणी निघण्याच्या आधी एकदा तो आईच्या ब्लाउजचं कापड टाकायला दुकानात आला होता आणि जाताना म्हणाला होता, "घाई नाही." बस, एवढंच. शिंप्याच्या घरात जन्मल्याशिवाय या दोन शब्दांची किंमत कळायची नाही. अक्काने आयुष्यात पहिल्यांदा घाई नसलेलं गिऱ्हाईक बघितलं होतं.

रविवारी मायलेक मुलगी बघायला येणार असं ठरलं. आणि गुरुवारी सकाळी बातमी आली की टोचणारे पलीकडच्या गल्लीपर्यंत आले आहेत. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आज टोचलं तर रविवारी दंड सुजलेला, अंगात ताप, आणि मुलाची आई हात हातात घेऊन बघणार. आता आम्हाला पळवायलाही वेळ नव्हता, आणि मावशीची गल्ली म्हणजे नेमकी ती पलीकडचीच. आत्याने क्षणभर विचार केला आणि मला म्हणाली, देवळामागच्या कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून आण, जा.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण आताच्या पोरांना कडुलिंब म्हटलं की साबण आठवतो. घरात कुणाला देवी आल्या, म्हणजे इथल्या भाषेत अम्मा आली, की दारावर कडुलिंबाची डहाळी लावायची. ती दिसली की भिकारीसुद्धा मागे फिरायचा. घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, सुई-दोरा धरायचा नाही. अम्माला खमंग वास आणि टोचाटोची सोसत नाही, ती चिडते. दहीभात खायचा, नाचणीची आंबील प्यायची आणि हळू बोलायचं. जुने टोचणारेही याच गल्ल्यांतले. डहाळी बघून ते हात जोडायचे आणि पुढच्या दाराला जायचे. आत्याचा हिशोब असा सरळ होता. डहाळी लावायची, माणसं पुढे जातील, शनिवारी डहाळी काढायची.

पण वर कुठेतरी, पंखा फिरत असलेल्या एखाद्या खोलीत, सरकारचं धोरण बदललं होतं. आधी म्हणायचे, दिसेल त्याला टोचा. आता म्हणत होते, आधी रोगी शोधा, आणि मग त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना टोचा. म्हणजे जी डहाळी बघून ही माणसं पुढे जायची, तीच डहाळी शोधत ती आता गल्लोगल्ली फिरत होती. आणि हे सोनाआत्याला कुणी कळवलं नव्हतं.

तासाभरात दारात सरकारची टोचणारी, नागरत्नम्मा, उभी. ठेंगणी, खांद्याला पेटी, डोक्यात अबोलीचा गजरा. आमची डहाळी बघून तिचा चेहरा असा फुलला की जणू महिनाभर हरवलेली गाय सापडली. रोगी कुठे आहे, तिने कन्नडमध्ये विचारलं. आता आत्याला मागे फिरायला जागा नव्हती. अम्मा नाही म्हणावं तर अम्माचं नाव घेऊन खोटं बोलल्याचं पाप, आणि आहे म्हणावं तर रोगी दाखवायला हवा. आत्याने घरभर नजर फिरवली. आई खिडकीत गल्लीला दिसेल अशी बसलेली, अण्णा मशीनवर, अक्काचा तर प्रश्नच नाही. मला त्या उन्हाळ्यात गळ्यावर आणि पाठीवर घामोळं आलं होतं. पुढच्या क्षणी मी चटईवर आडवी होते आणि माझ्या उशाशी कडुलिंबाचा पाला होता.

नागरत्नम्माने माझा गळा बघितला, पाठ बघितली, मग माझे तळहात उलटे करून बघितले, तळपाय बघितले. देवीचे फोड तिथे येतातच म्हणे. माझे तळपाय फक्त मळलेले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मी डोळे मिटून कण्हले. कण्हणं मला चांगलं जमायचं, शाळेमुळे. तिला संशय आला असणार, पण ती म्हणाली, डहाळी दिसली की वर कळवायचंच, तसा हुकूम आहे. डॉक्टर सोमवारी येऊन बघतील. तोवर या घरातून कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरून जो आत येईल त्याला आधी टोचायचं, आणि डहाळी तशीच राहील. घरातल्यांना आताच टोचते म्हणाली, तर आत्याने दोन्ही हात दारावर ठेवून सांगितलं, अम्मा घरात असताना सुई आत येणार नाही. यावर बराच वाद झाला. नागरत्नम्मा शेवटी म्हणाली, मी रोज येणार आहे. आणि ओट्यावर मुनियप्पा नावाचा पहारेकरी बसवून गेली.

रविवारचा निरोप पाठवायची सोय राहिली नाही. मुनियप्पा भला माणूस होता, पण हुकमाचा पक्का. निरोप घेऊन जायचा तर ओटा सोडावा लागेल, आणि ओटा सोडायचा हुकूम नाही.

आता मजा अशी की आत्या खोटं बोलली होती, पण अर्धवट खोटं तिला मान्य नव्हतं. अम्माचं नाव घेतलंय ना, मग अम्माचा मान राखायचा. चुलीवर फोडणी बंद. सुई बंद, म्हणजे मशीन बंद. अण्णा दहीभातासमोर असे बसायचे जसे कुणाच्या तरी तेराव्याला आले आहेत. मोहरीशिवाय त्यांना सकाळ झाल्याचंच कळेना. बाहेर गल्लीत गिऱ्हाईक बायका लांब उभ्या राहून आपापल्या ब्लाउजची चौकशी करायच्या. परवा भाचीचं लग्न आहे, निदान बाह्या तरी लावून खिडकीतून फेका. अण्णा खिडकीत उभे राहून सगळ्यांना हात जोडायचे. मुनियप्पालाही आमचंच जेवण, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो आत डोकावून विचारता झाला की लोणचं अम्माला चालतं का. आत्या म्हणाली, लोणच्यात फोडणी असते. तो म्हणाला, "ती जुनी फोडणी आहे, अक्का. आता आवाज कुठे येतो?" आत्याने लोणचं काही दिलं नाही.

करोनाच्या वेळी सर्जापूर रोडला माझ्या मुलाच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या दाराला पत्रा ठोकला होता, आणि बाहेर सूचना चिकटवली होती. सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं लागली, लिफ्टचं बटण कुणी दाबायचं यावरून शिकलेली माणसं हमरीतुमरीवर आली. मी नातीला म्हटलं, आमची डहाळी बरी होती गं, निदान वाऱ्यावर हलायची तरी. ती म्हणाली, आजी, पण तुमची डहाळी खोटी होती. खरंय.

रविवार उजाडला. आत्याने अक्काला अंजिरी साडी नेसवली आणि स्वयंपाकघरात बसवलं, मला चटईवर पाल्यात झोपवलं, आणि स्वतः दारात उभी राहिली. मी उठून खिडकीच्या फटीतून बघत होते. रोगी मी, माझ्याकडे कोण लक्ष देणार. नागरत्नम्मा सकाळीच येऊन ओट्यावर पेटी उघडून बसली होती. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. पुढे वसंतची आई यमुनाबाई, हातात फळांची पिशवी. मागे वसंत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारापाशी येऊन यमुनाबाईंची नजर वर गेली आणि पाय जागीच थांबले.

"काय हो बाई," त्या हळूच म्हणाल्या, "घरात अम्मा आहे?"

पिठाची गिरणी नेमकी तेव्हाच बंद. आहे म्हटलं तर यमुनाबाई पिशवीसकट परत, आणि देवी आलेल्या घरातली मुलगी पुन्हा कुणी बघायला येत नाही. नाही म्हटलं तर मुनियप्पा ऐकतोय, नागरत्नम्मा ऐकतेय, अख्खी गल्ली ऐकतेय, आणि वर अम्माही ऐकतेय. माझ्या जन्मात मी सोनाआत्याला पहिल्यांदा बिनशब्दाची बघितली. अण्णा मशीनच्या स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होते. यमुनाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वळायला लागल्या. वसंत मात्र वळला नाही. तो खिडकीकडे बघत होता आणि मी घाबरून खाली बसले.

आणि तेव्हा आतून आवाज आला. तड. मग तडतड. मग सगळी मोहरी एकदम, आणि मागोमाग हिंग, कढीपत्ता, ब्याडगी मिरची. तीन दिवस उपाशी असलेल्या घरातून तो वास जो निघाला तो ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत, गल्लीतून समोरच्या गिरणीपर्यंत. शेवटी पळी आमटीत बुडाली, चर्र. अण्णांचे पाय आपोआप मशीनवरून उतरले. नागरत्नम्माला ठसका लागला. मुनियप्पाने डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

अम्मा घरात असती तर ही फोडणी पडली नसती, हे त्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला सांगायची गरज नव्हती. कुणी खोटं बोललं नाही, कुणी कबूलही केलं नाही. माझ्या अक्काने, जिला कुणी काही विचारत नव्हतं, तिने फक्त आमटीला फोडणी दिली.

यमुनाबाईंनी नाक वर करून पुन्हा एकदा वास घेतला. "हिंग चांगला आहे," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आत्याकडे बघून नाही हसल्या, हे मी मुद्दाम लिहिते.

नागरत्नम्माचा ठसका थांबला तेव्हा तिने कपाळाला हात लावला. पण वर कळवून झालं होतं. डॉक्टर येऊन बघेपर्यंत हे घर देवीचंच, आत जायचं असेल त्याने टोचून घ्यायचं, तिने सांगितलं. यमुनाबाई जरा मागे सरकल्या. वसंत पुढे झाला, इस्त्रीच्या शर्टाची बाही गुंडाळली, आणि नागरत्नम्माने दोन टोकांची बारीकशी सुई काढली. तो आधीच पांढरा पडला होता. "मला सुईची भीती वाटते," तो म्हणाला, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात, "पण टोचा." तिने टोचलं. तो ओट्यावर बसला आणि बसल्या बसल्या हळूहळू मुनियप्पाच्या खांद्यावर कलंडला.

शांताक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मुलगी बघायचा कार्यक्रम होता, पण बघितलं तिने. वसंतचे डोळे मिटलेले, त्यामुळे तिला निवांत बघता आलं. त्याला पाणी दिलं, ते तो एका दमात प्यायला, आणि मग तिने आत्याकडे वळून सांगितलं, "सरी." लग्नाची बोलणी आमच्याकडे अशी एका शब्दात कधी झाली नव्हती. मग तिने स्वतःची बाही वर केली आणि नागरत्नम्माच्या समोर बसली. मग मी. मग आई, अण्णा, आणि शेवटी यमुनाबाई, कारण आमटीचा वास घेऊन ओट्यावर बसून राहणं त्यांना शक्य नव्हतं.

राहिली सोनाआत्या. ती खांबाला धरून उभी होती. नागरत्नम्मा तिच्याजवळ गेली आणि काही न विचारता तिची लांब बाही हळूच वर सारली. तो खड्डा बघून ती थांबली. "हे कुणी केलं, अक्का?" तिने विचारलं. हसली नाही, हळहळलीही नाही, फक्त विचारलं. आत्याने तिला तो गोल स्क्रू, तो फिरवणारा माणूस, सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. नागरत्नम्माने बाही खाली केली आणि दुसऱ्या दंडावर टोचलं. टोचता टोचता तिने धोरण समजावून सांगितलं. रोगी कुठे, त्याच्या भोवती कोण, त्याच्याही भोवती कोण, असं बरंच काही. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे उसवलंय तिथे टाका घालायचा. मग असं आधी सांगायचं ना." मुनियप्पाला त्या दिवशी लोणचं मिळालं.

सोमवारी डॉक्टरांनी माझ्या पाठीकडे चष्म्यातून बघितलं, घामोळं म्हणाले, नागरत्नम्माकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि डहाळी स्वतःच काढून टाकली. दहा मिनिटांत मशीन सुरू झालं.

आता माझी नात बारावं ओलांडते आहे. मुलींना पुढे होणाऱ्या एका कर्करोगावरची लस शाळेत देणार आहेत, आणि सुनेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज काहीतरी नवीन भीती येते. सून मला विचारते, आई, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणते, मी डॉक्टर नाही, तू डॉक्टरांना विचार, पण माझ्या पोरीला, म्हणजे नातीला, तिलाही विचार. आमच्या घरात निर्णय शेवटी कुणी घेतला ते मी बघितलं आहे. नात माझा दंड बघते, तो गोल वण बोटाने चाचपते आणि म्हणते, आजी, हा टॅटू मला पण हवा. तिला मिळणार नाही. तो रोगच आता राहिला नाही.

अक्काच्या लग्नाचे ब्लाउज अण्णांनी शिवले. खपली पडून गेली होती, नवा वण गुलाबी दिसत होता. अण्णांनी माप घेतलं आणि सवयीने वणाच्या खाली दोन बोटं खडूची खूण केली. अक्का म्हणाली, वर घ्या. अण्णांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि खूण पुसली. लग्नात तिचा आणि दाजींचा हात एकमेकांच्या हातात दिला तेव्हा दोघांचे दंड जवळजवळ आले, एकाच सुईचे.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते. मी पुढच्या खोलीत बटणं निवडत बसले होते. सोनाआत्या आली, हातात तिचा निळा ब्लाउज. अण्णांच्या समोर मशीनवर तो ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाही जरा बघून." अण्णांनी बाही हातात घेतली, उलटी केली, शिवण उसवायला लागले. किती वर घ्यायची ते त्यांनी विचारलं नाही.